माती आधी

तात्या फोनवर बोलायला लागले की माझ्या बूथची काच थरथरायची. हातात रिसीव्हर असला तरी या माणसाचा तारेवर काडीचा विश्वास नव्हता. साताऱ्याकडच्या कुठल्याशा वाडीपर्यंत आवाज आपला आपणच पोचवायचा, असं धरून ते बोलायचे. शेजारचा पानवाला म्हणायचा, "मंदाताई, तात्यांना बिल कशाला लावता? त्यांचं विनाफोन पोचतंय."

नव्वदीची मधली वर्षं. कळंबोलीत लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा एसटीडी बूथ होता. लहानपणी पोलिओनं एक पाय नेला, त्याच्या बदल्यात सरकारनं बूथ दिला. अदलाबदल काही बरोबरीची नव्हती, पण चाललं होतं माझं. खुर्चीत बसून मी जगाचं ऐकायची. काचेचं दार लावलं की बाहेर ऐकू येत नाही असं गिऱ्हाइकाला वाटतं, आणि बूथवालीनं ते तसंच वाटू द्यायचं असतं. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचा भाऊ जमीन खातोय, मला सगळं ठाऊक. तात्यांचं मात्र दार उघडंच असायचं. चपला बाहेर काढून आत यायचे, देवळात आल्यासारखे. एकदा मी म्हटलं, "अहो तात्या, फरशीच आहे ती, राहू द्या." तर म्हणाले, "हितनं गावाला बोलायचं हाय, चपला घालून कसं बोलू?"

तात्या म्हणजे ज्ञानोबा साळुंखे. वय साठीच्या आसपास, डोक्याला टोपी, अंगात पांढरा शर्ट आणि पायजमा. उभा जन्म माथाडीचं काम केलेलं. लोखंडाच्या ओझ्यानं उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलेला, त्यामुळे सरळ चालत आले तरी वळण घेतायत असं वाटायचं. पाठीनं दगा दिल्यावर त्यांच्या माथाडी टोळीनं त्यांना हलकं काम दिलं होतं. चहापाणी बघायचं, पोरांची भांडणं मिटवायची. पण ते झालं पोटाचं. तात्यांचं खरं काम निराळं, आणि त्याला पगार नव्हता. बाजारात, ट्रकतळावर, आमच्या वसाहतीत नाहीतर तिकडे नावड्याच्या चाळीत, साताऱ्या-कराडकडचं माणूस वारलं की पहिला निरोप तात्यांना. मयत गावी पोचवायचं काम तात्यांचं.

हे लोक इथे तीस तीस वर्षं राहतात. रेशनकार्ड इथलं, पोरांची शाळा इथली. पण मेल्यावर गावी जायचं म्हणजे जायचं. मी तात्यांना विचारलं होतं एकदा, इथे काय स्मशान नाही का? तात्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. "हितं भाड्यानं ऱ्हायचं, ताई. मातीला बी भाड्यानं जायचं का?"

टेम्पो कुणाचा सांगायचा, बर्फ कुठून आणायचा, त्याला भुसा किती लावायचा म्हणजे घाट चढेपर्यंत टिकेल, खाली गादी घालायची की नुसती ताडपत्री, सगळं त्यांना पाठ. ड्रायव्हरला ताकीद असायची, टेप लावायची नाही आणि धाब्यावर जेवायला थांबायचं नाही. स्वतः मागे बसायचे, मयताशेजारी. त्यांच्या नेहमीच्या ड्रायव्हरनं मला सांगितलं, "ताई, पहिल्या वेळी माझी तंतरली होती. मागून आवाज येतोय, 'आली बघ खंबाटकी. आता काय लांब न्हाई.' मी म्हटलं मयत उठलं की काय. बघतो तर म्हातारा त्याला रस्ता सांगतोय."

आणि फोन. मेल्याची बातमी देण्यात तात्यांचा हात धरणारा मी दुसरा पाहिला नाही. गावात फोन एखादाच, वाण्याच्या दुकानात नाहीतर सरपंचाकडे. तात्या आधी घसा साफ करायचे, मग सांगायचे, "ऐका. गडबड करू नगा. त्यांच्या घरात जेवनं झाली का तेवढं बघून या. मी धरतो." मग फोन धरून उभे. इकडे मीटर पळतंय. तिकडून माणूस येऊन सांगायचा की अजून भाकरी थापतायत. "मग थापू द्या. जेवू द्या. दोन घास पोटात गेलं की मग सांगा. परत कुठलं जेवान." एकदा बातमी गेली की त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून ही तजवीज. मी डाफरायची, "तात्या, बिल बघा की." तर म्हणायचे, "बगतो की. ते काय उपाशी ऱ्हाणार न्हाई."

या सगळ्यामागे त्यांचं एकच म्हणणं होतं. आईला तोंड दिसलं पाहिजे. मेलेला बाप्या असो, म्हातारा असो, गावी आई जिवंत असेल तर तिनं तोंड बघून हात फिरवल्याशिवाय माती व्हायची नाही. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा ते मुंबईत गोदीत होते. पत्र उशिरा मिळालं. "मी गेलो तवा राख बी भरली व्हती," एवढंच एकदा म्हणाले, आणि लगेच दुसऱ्या नंबरला लावा म्हणाले.

म्हणूनच त्यांना सरकारी दवाखान्यातल्या चिरफाडीची दहशत होती. तिथे एकदा मयत गेलं की साहेब येणार कधी, पंचनामा होणार कधी, आणि परत मिळतं ते गाठोडं. वर टाके. ते आईला कसं दाखवायचं? यावर तात्यांनी तोड काढली होती. त्यांच्या ओळखीचा एक खाजगी डॉक्टर होता. तात्या गेले, हात जोडले, दोन शब्द बोलले की तो चिठ्ठी लिहून द्यायचा. हार्ट. दमेकरी मेला, हार्ट. म्हातारी मेली, हार्ट. तात्यांच्या राज्यात सगळ्यांची हृदयंच बंद पडत होती. कुणाचं काही बिघडत नव्हतं आणि मयत दिवस मावळायच्या आत गावच्या शिवेवर पोचत होतं.

एकदा नावड्याला एकटा राहणारा कामगार वारला. मराठवाड्याकडचा, तळोज्याच्या कारखान्यात होता. तालुका तेवढा माहीत, गाव कुणालाच ठाऊक नाही. कुणीतरी म्हणालं, "तात्या, हा काय आपल्याकडचा नाही." तात्या म्हणाले, "मेल्याला कसली आलीया बाजू." दिवसभर माझ्या बूथमध्ये उभे. शाळेला लाव, तिकडच्या एसटी स्टँडला लाव, असं करत करत संध्याकाळी गाव सापडलं. स्वतः घेऊन गेले. परत आल्यावर हळूच म्हणाले, "ताई, तुमच्यात शेवटाला काय म्हनत्यात वो? समदी म्हनत व्हती. मला येईना, मी नुसतं व्हट हलवलं. पाप तर न्हाई ना लागायचं?" तो मेलेला माझ्यासारखाच बौद्ध, म्हणून मी त्यांना त्रिशरण शिकवायचा प्रयत्न केला. पालीचं पार भजं करून टाकलं त्यांनी. पण चार दिवस नेमानं येऊन घोकत होते.

असा माणूस. आता दत्तूचं सांगते.

दत्तू तात्यांच्याच टोळीतला, त्यांच्या शेजारच्या वाडीचा. तात्यांनीच त्याला आणून कामाला लावलेलं. आमच्या बिल्डिंगमागच्या चाळीत बायको संगीता आणि लहान पोरगी घेऊन राहायचा. हसरा गडी. एक दिवस दुपारी बाजारात ट्रक लागला. तळावरच्या गुंडांना आपली माणसं घुसवून माल उतरवायचा होता. दत्तू आडवा गेला, ही आमच्या टोळीची गाडी आहे म्हणाला. सगळ्या टोळीदेखत त्यांनी त्याला सळईनं मारलं. पाठीत, पोटात. तरी दत्तू चालत घरी आला. संगीतानं हळद लावली. चहा प्यायला, पोरीला मांडीवर घेतलं, आणि म्हणाला, "मुका मार हाय, उद्या जातोय कामाला." सकाळी संगीता उठवायला गेली तर अंग गार.

तात्या आले. त्यांनीच दत्तूला शेवटची अंघोळ घातली. पाठ बघितली, पोट बघितलं. काय झालंय ते त्यांना पुरतं कळलं होतं. संगीता म्हणत होती, "तात्या, ह्यांना मारलंय. आधी चौकीत चला." मी तिथे होते, काठी टेकत गेले होते मी. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जायचं पोरी. जायाचंच. त्या भडव्यांना सोडायचं न्हाई. पर माती आधी. पोलिसात गेलं की त्ये चिरायला न्हेणार. तिकडं म्हातारी हाय. लेकराचं तोंड तरी दिसू दे तिला. दिस घालून आलो की मी सवता येतो तुज्यासंगं. पोलीस काय कुटं पळून जात्यात व्हय?"

हे खोटं बोलत नव्हते ते. तात्यांच्या हिशेबी जगात दोन गोष्टी होत्या. एक नासणारी, ती आधी करायची. दुसरी टिकणारी, ती नंतर केली तरी चालते. मयत नासतं. सत्य कुठे नासतंय?

डॉक्टरनं चिठ्ठी दिली. हार्ट. माझ्या बूथवरून वाडीला फोन झाला, जेवणं झाली का विचारून झालं. टोळीतली झाडून सगळी माणसं दुसऱ्या टेम्पोत चढली. ज्यांनी डोळ्यांनी मार बघितला होता ती सगळी. दत्तू आपला माणूस, त्याच्या मातीला नाही जायचं तर कुणाच्या?

दिवस घालून तात्या परत आले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. ते समाधान मी आजही विसरलेले नाही. "म्हातारीनं तोंड बघितलं, ताई. केसावरनं हात फिरवला. मोकळं झालं ते. आता बाकीचं बघू."

बाकीचं बघायला संगीताला घेऊन चौकीत गेले, आणि दुपारी माझ्या बूथमध्ये येऊन बसले. तात्या कधी बसायचे नाहीत. सांगू लागले. चौकीतल्या साहेबानं विचारलं, बॉडी कुठाय? म्हटलं, गावी जाळली. डॉक्टरनं काय लिहिलंय? म्हटलं, हार्ट. "मग सायेब म्हनला, मर्डर कुनाचा झाला?" तात्या माझ्याकडे बघत होते. "ताई, मानूस जाळला म्हंजे त्याला मारल्यालं बी जळतं का?"

संगीता बाहेर पायरीवर बसली होती, पोरगी पदराशी.

मग टोळी. त्या टोळीला रोज त्याच तळावर घाम गाळायचा होता आणि गुंड रोज समोर उभे. एकेकाला तात्यांनी विचारलं. एक म्हणाला चहाला गेलो होतो. दुसराही चहाला. अख्खी टोळी एकाच वेळी चहाला गेलेली आणि ट्रक एकटाच उभा. पोरांनी मान खाली घातली, तात्यांनी शिव्या घातल्या, पण आतून त्यांनाही कळत होतं. डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, "तात्या, छातीत कळ आली असं तुम्हीच सांगितलंत. मी तुमच्या शब्दावर लिहिलं." यात खोटं काहीच नव्हतं.

मग संगीता माझ्याकडे आली. ही मुलगी रडायची नाही, तेच जास्त वाईट वाटायचं. म्हणाली, "ताई, त्या जाड पुस्तकात बगा की. ज्याच्या घरात असं झालंय, त्यानं कुनाला फोन करायचा आसतो? आसंल की कोनतरी नेमल्यालं." मी डिरेक्टरी उघडली. पहिल्या पानांवर सगळे नंबर होते. पोलीस, आग लागली तर, रक्त हवं असेल तर, लाइट गेली तर, साप चावला तर. ती माझ्या बोटाकडे बघत होती. मी पानं उलटत राहिले आणि ती बघत राहिली. बोट थांबेल असा एकही नंबर त्यात नव्हता.

"मला काय नको वो ताई," ती म्हणाली. "पैसा नको. त्यांना फाशी बी नको. ह्यांना मारलं, येवढं कुनीतरी लिहून द्या. ह्या पोरीनं उद्या इचारलं बाप कशानं गेला, तर काय सांगू? कागद म्हनतो छातीनं गेला."

एवढंच मागणं. आणि त्यासाठी आम्ही किती दारं वाजवली. मुंबईत बायकांसाठी काम करणारी संस्था आहे असं ऐकलं, नंबर मिळवला, मी बोलले. पलीकडची बाई भली होती. "नवरा मारतो का?" नाही म्हटलं, नवऱ्याला मारलं. "अरेरे. पण मग ते आमच्यात येत नाही हो." युनियनवाले म्हणाले, कामावर असताना मेला का? घरी मेला? हार्टनं? मग बसत नाही. नेत्यानं दुसऱ्या नेत्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं पहिल्याचं. पनवेलला कुणी म्हणालं सरकार फुकट वकील देतं. तात्या आणि संगीता धावत गेले. तिथला कारकून म्हणाला, केस असली की वकील मिळतो. तुमची केसच नाही, तर वकील कुणाला देऊ? अहो, केस व्हावी म्हणूनच तर वकील पाहिजे ना, असं मी फोनवर भांडले त्या माणसाशी. तो म्हणाला, बाई, मी नियम केलेत का? उरणच्या बाजूला एक महाराज आहेत, ते खुन्याचं नाव सांगतात, असंही कुणी सुचवलं. संगीता म्हणाली, नाव तर मला ठाऊकच हाय.

आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न. तेव्हा हार्ट का लिहून घेतलंत? पहिल्यांदा संगीता म्हणाली, "डॉक्टरनं परस्पर लिव्हलं." तर तात्या पुढे सरकले, "न्हाई सायेब. मी सांगितलं." पुढच्या ठिकाणी ती म्हणाली, आम्हांला कळलं नाही. तात्या म्हणाले, मला कळत होतं, मी बघितलं होतं. ती त्यांना झाकायची आणि ते उघडे पडायचे. परतताना रिक्षात दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. मला वाटायचं, कुणीतरी एकानं ओरडावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे मोकळं तरी होईल. संगीता त्यांना जेवायला वाढायची. ते जेवायचे.

तात्या हळूहळू कामातून गेले. मयताचं बोलावणं आलं की जायचे, पण दारातच विचारायचे, "मारलं तर न्हाई ना कुनी? नीट बगा. अंगावर काय खुना?" आता ज्या घरात म्हातारा आजोबा खोकून गेलाय, तिथे हा प्रश्न. लोक चिडले. एका घरातल्या पोरानं त्यांना अक्षरशः हाताला धरून बाहेर काढलं. पुढे लोकांनी दुसरा माणूस धरला. बर्फ, टेम्पो, चिठ्ठी, सगळं तोही करायचा. रस्ता मात्र कुणाला सांगत नसेल.

शेवटी कुणीतरी अलिबागच्या वकीलबाईंचं नाव सांगितलं. बायकांचं फुकट ऐकतात म्हणे. या वेळी मीही गेले, बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून. पनवेलहून एसटी, पोरगी संगीताच्या मांडीवर झोपलेली, तात्या खिडकीशी.

वकीलबाई खरंच चांगल्या होत्या. पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. देह नाही, साक्षीदार नाही, डॉक्टरचा दाखला उलट बाजूचा. खुनाची केस यातून उभी राहत नाही." संगीतानं मान हलवली. हे ऐकायची तिला सवय झाली होती. तात्यांनी विचारलं, "म्हंजे काईच व्हनार न्हाई? कुनावरच?"

वकीलबाईंनी चष्मा पुन्हा लावला. त्यांच्या तोंडून ते निघायला नको होतं, पण कायदा शिकलेल्या माणसाला राहवत नाही. म्हणाल्या, "खरं सांगायचं तर या सगळ्यात ज्याच्याविरुद्ध थोडाफार पुरावा आहे असा माणूस एकच. तुम्ही. अंगावरचा मार बघून दाखला वेगळा घ्यायला लावलात. याला पुरावा नाहीसा करणं म्हणतात. तेही या बाईंनी, दत्तूच्या बायकोनं, तक्रार दिली तर. मी काही तसं सुचवत नाहीये."

तात्या खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "बाई, माज्यावर केस झाली तर त्यात लिव्हावं लागंल ना, मी काय लपवलं त्ये?"

"लागेल."

"म्हंजे दत्तूला मारल्यालं लपवलं, असं लिव्हावं लागंल? कोर्टाच्या कागदावर?"

"हो. पण आजोबा, तुम्हाला शिक्षा होऊ शकते."

"ते व्हऊ दे वो." आणि तात्या हसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

अलिबागच्या स्टँडवर त्यांनी संगीताला गाठलं. बाकड्यावर बसली होती ती, पोरीला बिस्किट भरवत. तात्या तिच्यासमोर खाली फरशीवर बसले. "पोरी, दे लिहून. ज्ञानोबा साळुंख्यानं माज्या नवऱ्याला मारल्यालं लपवलं. ताई लिव्हत्याल, तू अंगठा... न्हाई, तुला सही येती. सही कर. तुला कागद पायजे व्हता ना? ह्यो घे कागद."

संगीता पोरीच्या तोंडावरचा चुरा पुसत राहिली. "तात्या, उठा. लोकं बगत्यात."

"तू हो म्हन, उठतो."

"तुमी ह्यांना खांदा दिला. ह्यांच्या आयला तोंड दावलं. त्या रांडंच्यांनी मारलं, त्ये मोकळं फिरणार, आनि मी तुमाला आत घालू? गावात तोंड कसं दावू मी? आनि..." ती माझ्याकडे वळून म्हणाली, तात्यांकडे नाही. "माजा राग न्हाई असं न्हाई, ताई. लई हाय. रोज येतो. पर ह्यो मानूस सोडून मला कोन हाय हितं?"

तात्या तसेच खाली बसून होते. गाडी लागली तेव्हा मीच त्यांना हाताला धरून उठवलं. खरं तर मला स्वतःला उठायला कुणीतरी लागतं.

पुढच्या महिन्यात संगीता गावी गेली, सासूकडे, कायमची. तात्यांनीच एसटीत बसवून दिलं. मी बूथ सोडून गेले नाही. निघताना ती बूथवर डोकावली आणि तिनं डिरेक्टरीकडे एकदा बघितलं, तेवढंच.

त्यानंतर तात्या एकटेच चौकीत जायला लागले. स्वतःविरुद्धच तक्रार घ्या म्हणायचे. शिपाई आधी हसले. मग त्यांना माया आली, चहा द्यायला लागले. "आजोबा, तक्रार कुणाची आहे?" "माजी." "कुणाविरुद्ध?" "माज्या." "असं होत नाही आजोबा. घरी जा." घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. त्यांच्या घरच्या पोरांना वाटलं म्हाताऱ्याला चळ लागला. सुनेनं मला येऊन सांगितलं, तुमचं ऐकतात, समजवा जरा. मी समजवलं. ते म्हणाले, "ताई, मयत पोचवायचं ऱ्हायलंय माजं एक."

मी त्यांना शेवटचं बघितलं ते तिथेच. टेलिफोन खात्याच्या कामासाठी रिक्षानं चालले होते. चौकीच्या व्हरांड्यात तात्या बाकावर बसलेले दिसले. टोपी गुडघ्यावर. किती वाळले होते. मी रिक्षा थांबवली. मला बघून लगबगीनं आले.

"बरं झालं आलात. नवीन सायेब आल्यात. जुन्यांना मी म्हाईत झालो व्हतो, त्ये ऐकंनात. ह्यांना अजून म्हाईत न्हाई. ताई, तुमी चला की आत. तुमचं शिकल्याल्याचं ऐकतील. येवढंच सांगा, ह्यो मानूस गुन्हेगार हाय म्हनून."

"तात्या, चला घरी. ऊन किती आहे."

"एकदा सांगा. मग जातो."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांचा, संगीताचा, त्या तळावरच्या हरामखोरांचा, आणि ज्या जगात असलं गाऱ्हाणं सांगायला माणूस मिळत नाही त्या जगाचा. पायऱ्या चढवत नव्हत्या, तरी चढले. तात्या मागून कोपराला हात लावून होते.

नवीन साहेब तरुण होते. त्यांनी मला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सळई, हळद, चिठ्ठी, टेम्पो. आणि सांगितलं की हा माणूस गुन्हेगार आहे, याच्यावर गुन्हा नोंदवा. बोलताना माझाच आवाज मला परका वाटत होता. तात्या माझ्या शेजारी उभे होते, टोपी दोन्ही हातांत, माझ्या प्रत्येक शब्दाला मान हलवत. बरोबर आहे, बरोबर आहे.

साहेबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. तो वाकडा खांदा, ती चुरगळलेली टोपी. मग माझ्याकडे वळून जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, यांच्याकडे बघून तरी वाटतं का तसं?"

मी काही बोलायच्या आत तात्यांनी विचारलं, अगदी आदबीनं, शिकून घ्यायचं असल्यासारखं.

"मग कसं दिसाया पायजे, सायेब?"

साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि हातानंच आम्हाला बाहेर जायची खूण केली. तात्या जाऊन पुन्हा बाकावर बसले. मी त्यांना दोनदा हाक मारली, मग रिक्षावाला हॉर्न मारायला लागला.